डाव्या पायाचा इतिहास

आमच्या कामठ्याचा इतिहास सांगा म्हटलं, की जाणती माणसं १८१८ सालापासून सुरुवात करतात. त्या वर्षी इथले जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठले आणि इंग्रज फौजेला कामठ्यावर चालून यावं लागलं. त्या मोठ्या इतिहासावर बोलणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक आहेत. मी आज एका लहान इतिहासाविषयी बोलणार आहे. तो मला माझ्याच अंगणात, गाडीखाली ठेवलेल्या घमेल्यात सापडला.

माझ्याकडे ऑटोमॅटिक गिअरची एक जुनी गाडी आहे. २०१५ साली सेकंडहँड घेतली. त्याच्या आदल्या वर्षी मोटारसायकलवरून पडलो आणि डाव्या गुडघ्यानं साथ सोडली. क्लच दाबणं जमेना. गोंदियाला बँकेत जायचं असो की नागपूरला कविसंमेलनाला, प्रत्येक वेळी कुणाला तरी हात जोडावे लागत. या गाडीला क्लच नाही, म्हणून मी पुन्हा माझा माझा हिंडू लागलो. सांगायचा मुद्दा हा, की ही गाडी म्हणजे माझी चैन नव्हे, माझा डावा पाय आहे.

दोन वर्षांपूर्वी हा पाय लंगडू लागला. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना गाडी झटका द्यायची. दांडी ‘डी’वर आणली की दोन-तीन सेकंद विचार करायची, मग निघायची. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये दाखवली. गिअरबॉक्स गेला म्हणाले, आणि जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीहून मोठा होता. मी विचारलं, "यातलं ऑइल कधी बदलायचं असतं का?" उत्तर मिळालं, "ते आयुष्यभराचं असतं." कुणाच्या आयुष्याचं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. यंत्रातलं मला काय कळणार? पण माझे अब्बा ट्रक चालवायचे. गोंदियाच्या राईस मिलमधला तांदूळ नागपूरला आणि रायपूरला न्यायचे. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि पुढे त्या ताऱ्याच्या चिन्हाचे ट्रक आपल्या रस्त्यांवर धावू लागले. अब्बांचं उभं आयुष्य तसल्या ट्रकांवर गेलं. त्या ट्रकांना ‘डबल क्लच’ मारावा लागे. क्लच दाबा, दांडी न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, वेग जमवा, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर टाका. एका गिअरला दोनदा पाय. दिवसभरात किती वेळा, त्याची मोजदाद नाही. अब्बांची डावी चप्पल नेहमी उजवीच्या आधी झिजायची. पन्नाशीत त्यांचा डावा गुडघाही तसाच झिजला.

गाडी घेतली त्या वर्षी अब्बांना शेजारी बसवून मी गोंदियाला नेलं. वळण आलं की त्यांचा डावा पाय आपोआप पायाखालचं मॅट दाबायचा. बराच वेळ ते पाहत होते. मग म्हणाले, "याचा क्लच कोण दाबून राहिला?" मी म्हटलं, "आत तेल असतं अब्बा, ते सगळं करतं." ते म्हणाले, "मग ते तेल थकत नाही का?" मी हसलो. आज अब्बा नाहीत, आणि त्या हसण्याची मला लाज वाटते. कारण प्रश्न अगदी नेमका होता.

तेलावर हे काम टाकण्याची कल्पना मोटारीसाठी निघालीच नव्हती. हेरमान फॉटिंगर नावाचा जर्मन इंजिनिअर श्टेटिन इथल्या व्हल्कन गोदीत कामाला होता. जहाजातलं वाफेचं टर्बाइन फार जोरात फिरे आणि पंखा मात्र सावकाश फिरायला हवा असे. एवढी ताकद पेलणारे दातेरी चक्र करणं त्या काळी अवघड होतं. फॉटिंगरनं १९०५ साली पेटंट घेतलं ते लोखंडाच्या दातांऐवजी द्रवातून ताकद पुढे नेण्याचं. हे समजायला सोपं आहे. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पाती फिरू लागतात. वाऱ्याच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, की झालं. मध्ये तिसरं पातं बसवून परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा दिली, की चढावर लागणारा जोरही वाढतो. त्यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

मोटारीत हे यायला आणखी काही दशकं गेली. अमेरिकेत अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरनं गिअर टाकताना होणारी खरखर थांबवणारी सिंक्रोमेश पद्धत शोधली आणि ती १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत आली. डबल क्लचपासून मोटारवाल्यांची सुटका झाली ती तिथून. पुढे याच थॉम्पसनच्या हाताखालच्या मंडळींनी जनरल मोटर्ससाठी ‘हायड्रा-मॅटिक’ तयार केलं. १९३९ साली ते जाहीर झालं आणि १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसलं. क्लचचा पायटा गेला. दुसऱ्या महायुद्धात हेच ट्रान्समिशन अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत चाललं. १९४८ साली ब्युइकनं टॉर्क कन्व्हर्टरची ‘डायनाफ्लो’ आणली.

आता या तेलाला चार कामं करावी लागू लागली. ताकद पुढे न्यायची, दाबानं आतल्या क्लचच्या चकत्या आवळायच्या, वंगण द्यायचं आणि उष्णता वाहून न्यायची. साधं इंजिन ऑइल इथे पुरत नाही. चकत्यांनी घट्ट धरावं, पण धरताना झटका देऊ नये, असं दुहेरी मागणं असतं. या गुणासाठी त्या काळच्या तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत. म्हणजे अमेरिकेतल्या माणसाचा डावा पाय मोकळा झाला, त्याचा थोडा भार समुद्रातल्या देवमाशानं उचलला. १९७० साली अमेरिकेनं या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं. मग रसायनतज्ज्ञांना धावपळ करून पर्यायी मिश्रणं शोधावी लागली. इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून या तेलाला बहुधा लाल रंग देतात.

आपल्याकडे मात्र परवान्यांच्या काळात अॅम्बेसेडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी, दोघींनाही क्लच होता आणि तो दाबणारा पाय मुबलक होता. ऑटोमॅटिक गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली ती २०१४ साली, सेलेरिओ आणि झेस्टसारख्या गाड्यांमुळे. पण त्या एएमटी जातीच्या. त्यांत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच मात्र यंत्र दाबतं. त्यांचं तेल वेगळं, सीव्हीटीचं त्याहून वेगळं. माझी गाडी जुन्या टॉर्क कन्व्हर्टरची.

मला नंतर कळलं, की या तेलावर चालणाऱ्या वाहनात मी लहानपणीच बसलो होतो. नानीचं घर बालाघाटला. गोंदियाहून जबलपूरकडे अडीच फुटी रुळांची छोटी गाडी जायची. कोळशाची इंजिनं गेल्यावर तिथे झेडडीएम-४ए ही डिझेल इंजिनं आली. ती चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेली आणि त्यांचं ट्रान्समिशन तेलाचं, मनमोहन सुरी या भारतीय इंजिनिअरच्या नावानं ओळखलं जाणारं ‘सुरी ट्रान्समिशन’. सुरींना १९६१ साली पद्मश्री आणि १९६२ साली भटनागर पुरस्कार मिळाला. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकनंही रेल्वेसाठी तेलाची ट्रान्समिशनं बनवली. २०१५ साली बालाघाट-जबलपूरची छोटी गाडीही बंद झाली, पण तोवर हे तेल सातपुड्याचे चढ चढत होतं. रेल्वेच्या शेडमध्ये ते आयुष्यभराचं आहे असं कुणी म्हणत नसणार.

तर मंडळी, शहरातून परतलो आणि भाच्याला बोलावलं. तो ट्रॅक्टर आणि मिलची इंजिनं दुरुस्त करतो. डिपस्टिक काढून त्यानं तेल बोटावर घेतलं, हुंगलं आणि म्हणाला, "मामू, हे लाल असायला पाहिजे. हे तं चहा होऊन राहिला." गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचं तेल, फिल्टर आणि गॅस्केट नागपूरहून मागवलं. दुसरं जवळपास चालणारं तेल घालायचं नाही, यावर तो ठाम होता.

रविवारी सकाळी दहा मिनिटं गाडी चालवून तेल कोमट केलं. सपाट जागेवर गाडी लोखंडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली शिरू नये. खालचा नट काढला. घमेल्यात काळपट तपकिरी तेल आलं, जळका वास आला. मग पॅनचे बोल्ट सोडले. पॅनच्या तळाशी दोन चुंबकं होती, त्यांवर करड्या रंगाचा मऊ गाळ. भाच्यानं तो बोटांत चोळून पाहिला. कण लागले नाहीत. "झीज हाय, तुटफूट नाही," तो म्हणाला. धातूचे तुकडे निघाले असते, तर तेल बदलून काही उपयोग नव्हता, हेही त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

फिल्टर बदलला, पॅन पुसलं, नवं गॅस्केट बसवलं. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. जोर लावला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात. निघालेलं तेल मापून पाहिलं, साडेतीन लिटर. तेवढंच नवं, लांब नळीच्या नरसाळ्यानं डिपस्टिकच्या वाटेनं भरलं. बाकीचं निम्मं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच अडून राहतं. म्हणून पाचशे किलोमीटरनंतर हेच काम पुन्हा करायचं ठरलं. इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, दांडी प्रत्येक खुणेवर थोडी थोडी थांबवली आणि गरम झाल्यावर पुस्तकात सांगितल्या रीतीनं पातळी पाहिली.

पहिल्या खेपेला झटका कमी झाला. दुसऱ्या खेपेनंतर जवळजवळ गेला. दोन्ही वेळचा मिळून खर्च नऊ हजारांच्या आत. थंडीच्या सकाळी पहिल्या किलोमीटरला गाडी अजून किंचित हुंदका देते. एवढी वर्षं आम्ही तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, त्याची ती खूण.

जुनं तेल डब्यात भरून ठेवलं. शेजारच्यांनी सुचवलं, टाका बोडीच्या कडेला. पण तेच पाणी पुढे धानाच्या बांधीत जातं. गोंदियाला जुनं तेल गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडे डबा दिला.

अब्बांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. ट्रकचं तेल कधी बदललं, तारीख आणि मैल, एवढंच तिच्यात लिहिलेलं. ती डायरी मी शोधून काढली. शेवटच्या कोऱ्या पानावर माझ्या गाडीची तारीख आणि किलोमीटर लिहिले. खाली पुढच्या खेपेचा आकडाही लिहून ठेवला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)