विनामूल्य दुरुस्ती : एका प्रथेचा उगम

ॲमस्टरडॅम येथे १८ ऑक्टोबर २००९ रोजी पत्रकार मार्टिने पोस्तमा यांनी पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरविला. नादुरुस्त वस्तू घरून आणावी, जाणत्या स्वयंसेवकाशेजारी बसावे आणि त्याच्या साहाय्याने ती स्वतःच नीट करावी, अशी तेथील रीत आहे. या प्रथेस जुन्या कारागिरीचे पुनरुज्जीवन म्हटले जाते. ते मत ग्राह्य वाटत नाही. जुना कारागीर दुरुस्ती करी ती पोटासाठी. गावच्या सुतारास नांगर सांधल्याबद्दल बलुते मिळे. कल्हईवाला रोख पैसे घेई. (फारसीत ‘दुरुस्ती’ म्हणजे नीटपणा, मराठीत त्या अवस्थेची क्रिया झाली, आणि क्रियेस मोल आले.) पश्चिम युरोपात मजुरी महागली, नवी वस्तू स्वस्त झाली व हा धंदाच बसला. त्याच्या रिकाम्या जागी स्वयंसेवक आला.

बंगळूर येथे २०१५ साली ही प्रथा आली, तेव्हा मात्र जागा रिकामी नव्हती. मिक्सर वा छत्री नीट करणारा तेथे आजही दुकान मांडून बसलेला आहे. मग विनामूल्य श्रम कोणाच्या मिळकतीतून वजा होतात? मालकाने शेजारी बसलेच पाहिजे, हा दंडक या शंकेचे अर्धे निरसन करतो. ज्यास सवड नाही तो दुकानातच जातो. उरलेले अर्धे कारखानदाराकडे बोट दाखविते. चिकटवून बंद केलेल्या आवरणापुढे स्वयंसेवक व दुकानदार सारखेच हतबल ठरतात. हमीची मुदत सरल्यावरही ठराविक वस्तूंची दुरुस्ती कारखानदारावर बंधनकारक करणारा निर्देश युरोपीय संघाने १३ जून २०२४ रोजी संमत केला, तो याच अडचणीपोटी.