घुग्घुसच्या पानठेल्यावरही क्यूआर. पण ऑनलाइन पेमेंटमध्ये दुकानदाराचं काम नेमकं काय?

कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्याचं गाव म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस ओळखलं जातं. इथल्या दुकानात तुम्ही क्यूआर स्कॅन करता, पैसे जातात, विषय संपतो. पण पलीकडे बसलेल्या दुकानदाराचं काम तिथेच सुरू होतं. ते काय असतं, समजून घेऊया.

पैसे कसे पोहोचतात?

यूपीआय ही प्रणाली २०१६ मध्ये एनपीसीआयने आणली. तुम्ही पिन टाकला की तुमची बँक खात्यातून पैसे वजा करते, एनपीसीआयमार्फत निरोप जातो आणि दुकानदाराच्या बँकेत रक्कम जमा होते. वस्तू हातात द्यायची की थांबायचं, हे मात्र दुकानदारच ठरवतो.

दुकानदार तयार नसेल तर?

१ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री, चंद्रपूर जिल्ह्यातलेच सुधीर मुनगंटीवार तिथे गेले होते. गावातल्या दुकानदारांनी कार्ड स्वाइपची मशिन घेतली, म्हणून हे शक्य झालं. पण कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराला एमडीआर नावाचं शुल्क द्यावं लागतं. कमी नफ्यावर चालणाऱ्या किराणा दुकानाला तेही जड जातं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर शून्य झाला. क्यूआर टपरीपर्यंत पोहोचण्याचं हे एक मोठं कारण आहे. साउंडबॉक्सचं भाडं मात्र वेगळं असू शकतं.

जोखीम कोणाची?

ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट खोटा निघाला, तर नुकसान दुकानदाराचं. म्हणून हे लक्षात ठेवा:

- ग्राहकाच्या मोबाइलवर नाही, आपल्या खात्यात किंवा साउंडबॉक्सवर खात्री करा.
- पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर ती फसवणूक समजा.
- आपल्या क्यूआरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना, हे रोज दुकान उघडताना बघा.
- फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवर विकताय?

मग तुम्हीही व्यापारीच आहात. वैयक्तिक क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्डातून यूपीआय पेमेंट घेता येत नाही. त्यासाठी व्यापारी क्यूआर लागतो.

मोठ्या शॉपिंग वेबसाइटवर माल विकायला पूर्वी जीएसटी नोंदणी जवळपास सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यातच माल विकणाऱ्या, वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्यांना सूट मिळाली. त्यांना जीएसटी पोर्टलवर फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे घुग्घुसहून नागपूरला माल पाठवला तर सूट, पण त्याच वेबसाइटवरून शेजारच्या तेलंगणात विकायचा तर साधारणपणे नोंदणी हवी.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा वेबसाइटवरच्या विक्रेत्याला सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही.

थोडक्यात, ॲप फक्त पैसे पोहोचवतं. माल, परतावा आणि विश्वास यांची जबाबदारी विक्रेत्याचीच. म्हणून पुढच्या वेळी पेमेंट केल्यावर दुकानदार 'जरा थांबा, पैसे आले का बघतो' म्हणाला, तर रागावू नका.