ओक्लाहोमाचा खटला व मृत्यूंची मोजदाद

राजकीय द्वेषापोटीं घडलेल्या अपराधांचे खटले वाचतांना आपलें लक्ष बहुधा आरोपीवर खिळून राहतें. आरोपपत्र आपण वरवर चाळतों. अमेरिकेंतील ओक्लाहोमा शहरच्या खटल्यांत मात्र विचार करण्याजोगी गोष्ट आरोपपत्रांतच आहे.

ता. १९ एप्रिल १९९५ रोजीं सकाळीं ९ वाजून २ मिनिटांनीं, तेथील आल्फ्रेड मुर्रा या संघसरकारच्या नऊमजली इमारतीसमोर उभ्या केलेल्या भाड्याच्या मालमोटारींत प्रचंड स्फोट झाला. दर्शनी भाग कोसळला व एकंदर १६८ माणसें मेलीं. त्यांत १९ मुलें होतीं. इमारतींत पाळणाघर होतें.

आरंभीं पुष्कळांनीं पश्चिम आशियांतील लोकांवर संशय घेतला. तपास लागला तो एका लोखंडाच्या तुकड्यावरून. दूर फेंकला गेलेला मालमोटारीचा मागील आंस सांपडला, व त्या गाडीच्या क्रमांकावरून ती कॅन्ससमधील जंक्शन सिटी येथून भाड्यानें गेल्याचें कळलें. दुकानांतील नोकरांच्या वर्णनावरून काढलेलें चित्र जवळच्या एका विश्रामगृहांत ओळखलें गेलें. गाडी घेतांना खोटें नांव सांगणाऱ्या त्या गृहस्थानें खोली घेतांना खरें नांव लिहिलें होतें: टिमथी मक्व्हे.

आणि हा मनुष्य आधींच कोठडींत होता! स्फोटानंतर सुमारें दीड तासानें, मोटारीस क्रमांकाची पाटी नाहीं म्हणून हमरस्त्यावरील एका पोलिसानें त्यास थांबविलें होतें व जवळ लपविलेलें पिस्तूल निघाल्यामुळें पकडलें होतें. २१ तारखेस तो सुटण्याच्या बेतांत असतांनाच त्याची ओळख पटली. तपासाच्या यशांत योगायोगाचा वांटा किती, हें सरकारी अहवाल सहसा मोकळेपणानें सांगत नाहींत.

मक्व्हे १९९१ च्या आखाती युद्धांत लढलेला सैनिक होता. टेक्सासमधील वेको येथें सरकारनें घातलेल्या वेढ्याचा शेवट १९९३ सालीं, त्याच तारखेस, आगींत झाला होता. त्याचा सूड त्यास घ्यावयाचा होता. त्याचा साथीदार टेरी निकल्स याच्या घरीं खताच्या खरेदीची पावती मिळाली, व तीवर मक्व्हेच्या बोटाचा ठसा होता.

ओक्लाहोमांत निःपक्षपाती पंच मिळणें कठीण, म्हणून न्यायाधीश रिचर्ड मॅच यांनीं खटला डेन्व्हर येथें नेला. आरोप ११ होते: कट, सामूहिक संहाराच्या साधनाचा उपयोग, सरकारी मालमत्तेचा स्फोटानें नाश, आणि आठ खून. आठच! अमेरिकेंत सामान्य खुनाचा न्याय त्या त्या राज्याकडे असतो. संघसरकारनें खुनाचे आरोप ठेविले ते मृतांपैकीं आठ संघीय पोलिसी अधिकाऱ्यांबद्दल. बाकीचे १६० मृत्यू, सर्व मुलें धरून, इतर कलमांखालीं स्फोटाचा परिणाम म्हणून आले. आपलें मूल इमारतीच्या नाशाच्या कलमांत शोधावें लागणें आईबापांस कसें वाटलें असेल! तरी सरकारी वकिलांस आम्ही दोष देत नाहीं. आपल्या अधिकारापलीकडचा आरोप ठेवून पुढें अपिलांत तोंडघशीं पडण्यापेक्षां हें बरें होतें. आणि त्या कलमांतही देहदंडाची तरतूद होतीच.

जून १९९७ मध्यें सर्व आरोप शाबीत होऊन मक्व्हेस देहदंड सांगण्यांत आला. ती शिक्षा १६ मे २००१ रोजीं व्हावयाची. पण तपासखात्यानें हजारों पृष्ठांचे कागद बचावपक्षास दाखविलेच नव्हते असें ऐन वेळीं उघडकीस आलें, व ती ११ जूनवर गेली. जेथें फिर्यादी, तपासनीस आणि इमारतीचा मालक एकच, तेथें ही चूक आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

निकल्सच्या पंचांनीं कटाचा आरोप मान्य केला, परंतु त्या आठ मृत्यूंस खून न म्हणतां अनुद्दिष्ट मनुष्यवध ठरविलें. त्यास जन्मठेप झाली. पुढें ओक्लाहोमा राज्यानें त्याच्यावर वेगळा खटला भरला. जन्मठेपेंत असलेल्या माणसावर पुन्हा एवढा खर्च कशाला, असें पुष्कळांनीं विचारलें. आम्हांस तो खर्च व्यर्थ वाटत नाहीं. २००४ सालीं तो १६१ खुनांबद्दल दोषी ठरला: राहिलेले १६०, आणि एक अजून न जन्मलेलें मूल. शिक्षेविषयीं पंचांचें एकमत न झाल्यामुळें त्यास १६१ जन्मठेपा मिळाल्या.

मक्व्हे तेव्हां मरून तीन वर्षें झालीं होतीं. त्या १६० मृत्यूंबद्दल खुनाचा आरोप त्याच्यावर कोणत्याही न्यायालयांत ठेवला गेला नाहीं.