आगीविना आगबोट

वाफेच्या जहाजाला मराठीत ‘आगबोट’ म्हणू लागले, तेव्हा हा शब्द घडवणाऱ्यांनी जहाजाची लांबी-रुंदी, त्याचा वेग वा त्याचे वैभव यांपैकी कशाचीही दखल घेतली नाही. शिडाच्या गलबतांना सरावलेल्या नजरेला नवलाची वाटली ती जहाजाच्या पोटातली आग. त्या आगीपाशी राबणारा माणूसही, नकळत का होईना, त्या नावात सामावला. हा शब्द आता व्यवहारातून गेला आहे. मात्र कॅलिफोर्नियातील लाँग बीच बंदरात कायमची बांधून ठेवलेली ‘क्वीन मेरी’ समजून घ्यायला त्याहून नेमका शब्द आम्हांला सापडत नाही. कारण या बोटीचे हॉटेल करताना तिच्यातून सर्वप्रथम काय काढले गेले असेल, तर ती आग.

या बोटीचा जन्मच मंदीच्या सावटात झाला. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जॉन ब्राऊन कंपनीच्या गोदीत १९३० च्या अखेरीस तिचे काम सुरू झाले. तेव्हा तिला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता : ५३४. डिसेंबर १९३१ मध्ये पैशाअभावी काम थांबले, हजारो कामगार घरी बसले आणि अर्धवट सांगाडा सव्वादोन वर्षे गंजत उभा राहिला. अखेर ब्रिटिश सरकारने कर्ज दिले, पण क्युनार्ड आणि व्हाइट स्टार या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र यावे या अटीवर. एप्रिल १९३४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पंचम जॉर्ज यांच्या पत्नी राणी मेरी यांच्या हस्ते बोट पाण्यात उतरली आणि २७ मे १९३६ रोजी साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे पहिल्या सफरीवर निघाली. लांबी १,०१९ फूट, वजन ८० हजार टनांहून अधिक, पोटात २४ मुख्य बॉयलर. १९३८ मध्ये तिने अटलांटिक ओलांडण्याचा जो वेगविक्रम केला तो १९५२ पर्यंत अबाधित राहिला.

युद्धात तिच्यावर करडा रंग चढला आणि ती सैनिकवाहू झाली. या काळात तिची वाट आपल्या किनाऱ्यालाही लागली होती. ऑक्टोबर १९४० मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांना घेऊन ती सिडनीहून निघाली आणि नोव्हेंबरच्या आरंभी मुंबईस पोहोचली. एवढी मौल्यवान बोट तांबड्या समुद्रात धाडण्याचा धोका नको म्हणून सैनिक इथेच उतरवण्यात आले. त्यांतील काही तुकड्यांचा मुक्काम देवळालीच्या छावणीत पडला आणि पुढे लहान जहाजांतून ते पश्चिम आशियाकडे रवाना झाले. जुलै १९४३ मधील एका अटलांटिक फेरीत तिच्यावर १६,६८३ माणसे होती. शांततेच्या काळात तिची क्षमता सुमारे २,१०० प्रवाशांची! एकेक झोपायची जागा पाळीपाळीने वापरली जाई.

याच काळातली एक घटना विसरता येण्याजोगी नाही. २ ऑक्टोबर १९४२ रोजी आयर्लंडच्या उत्तरेस, पाणबुड्यांना चकवण्यासाठी नागमोडी चालत असताना, तिने आपल्याच संरक्षणासाठी आलेल्या ‘कुराकोआ’ या ब्रिटिश युद्धनौकेला धडक देऊन तिचे दोन तुकडे केले. तीनशेहून अधिक नौसैनिक बुडाले. पाणबुड्यांच्या भीतीने कुठेही न थांबण्याचा आदेश होता. ‘क्वीन मेरी’ थांबली नाही. ही बातमी युद्ध संपेपर्यंत जनतेपासून लपवून ठेवण्यात आली.

तिचा पराभव मात्र समुद्रावर झाला नाही. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि जिथे चार-पाच दिवस लागत तिथे काही तास पुरू लागले. १९६७ मध्ये लाँग बीच नगराने ती ३४.५ लाख डॉलर्सना विकत घेतली. पनामा कालव्यात मावत नसल्याने ती दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून ९ डिसेंबर १९६७ रोजी तेथे पोहोचली. त्यानंतर जे घडले त्याला जतन म्हणावे की शवसंस्कार, हा प्रश्न आहे. बॉयलर काढले गेले. दोन यंत्रशाळांपैकी एक रिकामी केली गेली. चार पंख्यांपैकी एकच जागेवर राहिला. रुबाबदार धुराडी उतरवताना ती गंजाने पार पोखरलेली आढळली, म्हणून तिथे प्रतिकृती उभ्या केल्या गेल्या. पुढे अमेरिकन तटरक्षक दलाने निर्वाळा दिला, की ही वास्तू आता जहाज नसून इमारत आहे. या निर्वाळ्याला व्यावहारिक अर्थही होता, कारण तिथले कामगार खलाशांच्या संघटनेचे की जमिनीवरच्या, असा वाद चालू होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये तिथे हॉटेल सुरू झाले.

महासाथीत बंद पडलेले हे हॉटेल २०२३ मध्ये पुन्हा पूर्णपणे उघडले. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोहून किनाऱ्याच्या रस्त्याने मोटारीने दक्षिणेकडे जाताना आम्ही तिथे एक रात्र राहिलो. मोटारप्रवासाच्या ओघात अशी जागा लागणे यात एक विसंगती आहे. बाकी मुक्कामांत आपण गाडी दाराशी लावतो आणि सकाळी निघतो. इथे आपण वाहन सोडून दुसऱ्या वाहनात शिरतो, आणि ते हलत नाही. तरीही आपण इमारतीत आहोत हे शरीराला पटत नाही. लांबलचक मार्गिकेची जमीन दोन्ही टोकांकडे हलकेच चढत जाते, कारण लाटा पेलण्यासाठी बोटीच्या मजल्यांनाच तसा बाक दिलेला असतो. जुन्या न्हाणीघरांत टबावर चार तोट्या आहेत : गोड्या पाण्याच्या दोन आणि खाऱ्या पाण्याच्या दोन. भिंतींवर नाना जातींच्या लाकडांचे आच्छादन आहे. भोजनगृहात उत्तर अटलांटिकचा एक प्रचंड नकाशा आहे. त्यावर स्फटिकाची छोटी बोट सरकत असे आणि जेवता जेवता प्रवाशांना आपण समुद्रात कुठवर आलो ते कळे.

हे सारे मनोहर आहे, यात शंका नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आम्ही ज्या खोलीत झोपलो, तशा खोल्या मुख्यतः वरच्या वर्गाच्या होत्या. या बोटीवर तिसरा वर्गही होता, तो डोलीकडच्या अडचणीच्या भागात. सैनिकांनी पाळीपाळीने पाठ टेकलेल्या फळ्याही होत्या आणि भट्ट्यांपाशी राबणारे खलाशीही. हॉटेलला यांचे काय करावे हे कळत नाही; तिसऱ्या वर्गाच्या निवासासाठी कुणी जादा भाडे मोजणार नाही. इतिहासाचा जो भाग झोपायला सुखद, तो टिकला. जतन ही निवड असते हे आपण वाङ्मयाच्या इतिहासात नेहमी म्हणतो. कोणते ग्रंथ अभ्यासक्रमात राहतात आणि कोणते बाड अडगळीत जाते, याची चर्चा आपल्याला नवी नाही. ती निवड इथे लाकडात आणि पितळेत पाहायला मिळते.

मग श्रमिक या बोटीवर कुठे भेटतो? भुतांच्या गोष्टींत! ‘क्वीन मेरी’ आज तिच्या वैभवाइतकीच भुताटकीसाठी प्रसिद्ध आहे आणि त्यासाठी खास सहली काढल्या जातात. १९६६ मध्ये यंत्रविभागातील एका जलरोधक दारात चिरडून एक तरुण कर्मचारी मरण पावला. ही घडलेली गोष्ट आहे, पण आता ती सांगितली जाते ती अंगावर काटा आणण्यासाठी. वरच्या वर्गाचा प्रवासी सजावटीच्या रूपाने उरला, खालचा माणूस भुताच्या रूपाने. आणि तरी आम्हांला वाटते, की या कथा निव्वळ बाजारू म्हणून झटकून टाकू नयेत. ज्यांना अधिकृत स्मृतीत जागा मिळत नाही ते लोककथेच्या दाराने आत येतात, हे आपल्या गावोगावच्या वेताळांनी आणि मुंजांनी आपल्याला केव्हाच शिकवले आहे.

सज्जावरून समोर पाहिले की उपसागरात ताडमाडांची बेटे दिसतात. त्यांवर रंगीत मनोरे आहेत, रात्री दिवे लागतात. वास्तविक ती १९६० च्या दशकात बांधलेली कृत्रिम बेटे असून मनोऱ्यांआड तेलविहिरींची यंत्रे झाकली आहेत. या तेलाच्या उपशाने लाँग बीचचा काही भाग तब्बल २९ फुटांपर्यंत खचला होता. पुढे जमिनीत पाणी सोडून तो खचणे थांबवावे लागले. आणि किनाऱ्यालगतच्या याच तेलाच्या उत्पन्नातून नगराने ही बोट घेतली. तिच्या भट्ट्याही तेलावरच चालत. म्हणजे जे इंधन जाळून ती धावली, त्याच इंधनाच्या पैशाने ती स्थिरावली. हॉटेलचा वेष घेतलेली बोट आणि विहारस्थळाचा वेष घेतलेल्या तेलविहिरी एकमेकींसमोर उभ्या आहेत.

तर मग असे जतन नकोच, असे म्हणावे काय? पर्याय काय होते, ते पाहावे. तिची जोडीदार ‘क्वीन एलिझाबेथ’ जानेवारी १९७२ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जळाली. फ्रान्सचा अभिमान असलेली ‘फ्रान्स’ नाव बदलत बदलत २००६ मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर आली आणि तिथल्या मजुरांनी ती तोडली. ‘क्वीन मेरी’चा विक्रम मोडणारी ‘युनायटेड स्टेट्स’ फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाहून ओढून नेण्यात आली, ती फ्लोरिडाजवळ समुद्रतळाशी कृत्रिम प्रवाळखडक व्हावी म्हणून. आपली ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षे संग्रहालय होती. खर्च कोणी करायचा याचे उत्तर न मिळाल्याने २०१४ मध्ये ती भंगारात गेली आणि तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटारसायकलीत उतरला. ‘क्वीन मेरी’चेही भवितव्य निर्धास्त नाही. २०१७ मध्ये उजेडात आलेल्या एका पाहणीत तिच्या दुरुस्तीचा खर्च २३.५ ते २८.९ कोटी डॉलर्स सांगितला गेला. गंज थांबत नाही आणि गंजाशी लढायला दरवर्षी पैसा लागतो. तो पैसा, काही अंशी, आमच्यासारख्या वाटसरूंच्या एका रात्रीच्या भाड्यातून येतो.

म्हणूनच अशा जागी राहणाऱ्याने स्वतःला निव्वळ प्रेक्षक समजू नये. वस्तू मूळची किती आणि नकली किती, ही चौकशी लवकर संपते. कोणाच्या आठवणीसाठी आपण पैसे मोजत आहोत आणि कोणाची आठवण त्या रकमेत बसत नाही, हा प्रश्न अधिक काळ पुरतो. लाकडी भिंती न्याहाळून झाल्यावर खाली उतरावे. मागची यंत्रशाळा अजून शिल्लक आहे. तिथे टर्बाइन आहेत, नळ्यांचे जंजाळ आहे, थंड पडलेले लोखंड आहे. वाफ देणारी आग तेवढी नाही. आपल्या भाषेने या जहाजांना ज्या गोष्टीचे नाव दिले तीच नेमकी गेलेली आहे, आणि ते रितेपण जिथे झाकलेले नाही असा बोटीचा हा एकच भाग आम्हांला आढळला.