बर्फ, मीठ आणि रंग : मोटारीच्या दोन कोड्यांचा इतिहास

१/ मोटारीचा इतिहास म्हटला की बहुधा वेगाच्या विक्रमांची यादी समोर येते. या धाग्यात दोन निराळे प्रश्न घेऊ. बर्फावर मोटार घसरू नये म्हणून इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना द्यावी? आणि खरचटलेल्या पत्र्यावर मूळ रंगाशी तंतोतंत जुळणारा रंग कसा लावावा? वरवर पाहता या दोहोंचा संबंध नाही. पण त्यांच्या मधोमध एक तिसरा पदार्थ उभा आहे : मीठ.

२/ आरंभ घर्षणापासून करू. चाकाची पकड दोन गोष्टींवर ठरते : त्या चाकावर किती भार आहे, आणि रबर व रस्ता यांच्यात घर्षण किती आहे. कोरड्या डांबरावर घर्षण मुबलक असते, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ते कित्येक पटींनी घटते. म्हणून थंड देशांतील अभियंत्यापुढचा प्रश्न साधा होता : भार कुठे आहे आणि ताकद कुठे जाते?

३/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक मोटारींत या दोन जागा वेगळ्या होत्या. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. रिकामी मोटार बर्फाळ चढावर आली की मागची चाके जागच्या जागी गरगरत. मग लोक मागे वाळूची पोती ठेवत, नाहीतर चाकांना साखळ्या गुंडाळत. अशा साखळ्यांचे पेटंट अमेरिकेतील हॅरी वीड यांना १९०४ साली मिळाले.

४/ चारही चाकांना ताकद देण्याची कल्पना मात्र साखळ्यांइतकीच जुनी आहे. नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ साली चारही चाके इंजिनाने फिरणारी सहा सिलिंडरची मोटार तयार केली होती. म्हणजे कल्पनेचा अभाव नव्हता. ती परवडेल, टिकेल आणि रोजच्या वापरात सोयीची ठरेल अशी करायला मात्र आणखी पाऊण शतक लागले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘पहिले कोण’ यापेक्षा ‘रुजले केव्हा’ हा प्रश्न अधिक बोलका असतो.

५/ एक वाट चाकेच काढून टाकण्याची होती. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात आदोल्फ केग्रेस नावाचे फ्रेंच तंत्रज्ञ होते. त्यांनी मोटारीच्या मागच्या चाकांऐवजी लवचिक पट्टा बसवला. भार मोठ्या पृष्ठभागावर पसरला आणि गाडी बर्फात रुतेनाशी झाली. १९१७च्या क्रांतीनंतर ते फ्रान्सला परतले. आंद्रे सित्रोएन यांनी हीच रचना उचलली आणि ती सहाराच्या वाळूत नेली.

६/ याच प्रकारच्या गाड्या १९३१ साली आपल्या उपखंडातही आल्या. बैरूतहून पेकिंगकडे निघालेल्या सित्रोएनच्या मोहिमेतील दोन पट्टाधारी गाड्या श्रीनगरहून हिमालय ओलांडत गिलगिटपर्यंत पोचल्या. वाट इतकी अरुंद आणि खचलेली होती की काही ठिकाणी गाड्यांचे भाग सुटे करून माणसांच्या खांद्यांवरून न्यावे लागले. गिलगिटपुढे मोहिमेला घोड्यांचाच आधार घ्यावा लागला. यंत्राच्या विजयगाथेत हमालांचे खांदे क्वचितच नोंदले जातात. ते आपण नोंदवून ठेवू.

७/ दुसरी वाट अधिक साधी : जिथे भार, तिथेच ताकद. १९३४ साली सित्रोएनची ‘त्राक्सियाँ अव्हाँ’ आली. या फ्रेंच नावाचा अर्थच ‘पुढून ओढ’. इंजिनाचे वजन ज्या चाकांवर, तीच चाके गाडी ओढणार. फ्रंट व्हील ड्राइव्हची ही पहिली मोटार नव्हे, पण ही रचना मोठ्या प्रमाणावर लोकांपर्यंत नेणाऱ्या आरंभीच्या मोटारींत तिचे स्थान अग्रभागी आहे.

८/ इथे आपली दोन्ही कोडी प्रथमच एकत्र येतात. विमाने बनवणाऱ्या स्वीडनच्या साब कंपनीने युद्धानंतर मोटारीकडे मोर्चा वळवला. १९४९च्या अखेरीस ‘साब ९२’चे उत्पादन सुरू झाले. स्वीडनच्या हिवाळ्याला साजेशी फ्रंट व्हील ड्राइव्ह, आणि रंग एकच : गडद हिरवा. युद्धकाळात विमानांसाठी घेतलेला हिरवा रंग शिल्लक होता म्हणून तो वापरला, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, या गाडीच्या पहिल्या मालकांना दुरुस्तीच्या वेळी ‘कोणता हिरवा?’ हा प्रश्न पडत नव्हता.

९/ या रचनेची जाहीर परीक्षा झाली मॉन्टे कार्लो रॅलीत. जानेवारीत, आल्प्सच्या बर्फाळ घाटांत होणारी ही स्पर्धा. १९६१ ते १९६७ या सलग सात वर्षांत ती फ्रंट व्हील ड्राइव्ह मोटारींनीच जिंकली : आधी पानहार्ड, मग एरिक कार्लसन यांची साब दोनदा, मग मिनी आणि सित्रोएन. चिमुकली मिनी तिच्याहून कितीतरी शक्तिशाली मोटारींना मागे टाकत होती, याचे रहस्य ताकदीत कमी आणि वजनाच्या मांडणीत अधिक होते.

१०/ याच कथेतील एक दुर्लक्षित पात्र म्हणजे टायर. फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी खास हिवाळी टायर निघाला आणि दोन वर्षांनी, १९३६ साली, प्रवासी मोटारींसाठी ‘हक्कापेलीट्टा’. हाच कारखाना पुढे नोकियन या नावाने ओळखला गेला. खोल नक्षी आणि थंडीतही मऊ राहणारे रबर ही हिवाळी टायरची लक्षणे पुढील दशकांत विकसित होत गेली. सामान्य रबर गारठ्यात कडक होते आणि कडक रबर पकड सोडते.

११/ आता पुन्हा चार चाकांकडे. युद्धकाळातील जीपने फोर व्हील ड्राइव्ह जगभर पोचवली. १९४७ साली मुंबईत महिंद्रने विलीज जीपची जुळणी हाती घेतली, ती याच लाटेचा भाग. पण जीपच्या रचनेत एक अडचण होती. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात. दोन्ही आस एकमेकांना घट्ट जखडलेले असतील तर कोरड्या रस्त्यावर यंत्रणेवर ताण येतो. म्हणून चालकाला गरजेपुरतीच चारही चाके जोडून घ्यावी लागत.

१२/ यावर उपाय म्हणजे पुढच्या व मागच्या आसांमध्ये तिसरे डिफरन्शियल. ट्रॅक्टरसाठी विख्यात असलेल्या हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीने ब्रिटनमध्ये यावर काम केले. १९६१ साली ओल्टन पार्कच्या ओल्या धावपट्टीवर स्टर्लिंग मॉस यांनी फर्ग्युसनच्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीतून शर्यत जिंकली. १९६६च्या जेन्सन एफएफमध्ये हे तंत्र रस्त्यावर आले. गाडी महाग होती, एकूण ३२०च बनल्या. उत्तर सापडले होते, ग्राहक सापडला नव्हता.

१३/ ग्राहक सापडला जपानच्या ईशान्येला. तोहोकू प्रदेशात हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडतो आणि वीजवाहिन्यांची तपासणी तर थांबवता येत नाही. तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर कंपनीचे कर्मचारी जीपमधून फिरत. उघडीवाघडी, गारठवणारी, बसायला कष्टाची गाडी. त्यांनी मियागी येथील सुबारूच्या विक्रेत्याकडे मागणी केली : जीपसारखी चढणारी, पण मोटारीसारखी ऊबदार गाडी मिळेल का?

१४/ सुबारूची छोटी मोटार मुळातच फ्रंट व्हील ड्राइव्ह होती आणि तिचा गिअरबॉक्स मागच्या दिशेने लांब होता. त्यातूनच मागे दांडा काढणे शक्य होते. कारागिरांनी पहिल्या नमुन्याला निसान ब्लूबर्डचा मागचा आस जोडला! कल्पना मूळ कंपनीने उचलली आणि १९७२ साली लिओनी फोर व्हील ड्राइव्ह बाजारात आली. सुबारूची पुढील अर्धशतकाची ओळख एका वीज कंपनीच्या थंडीने काकडलेल्या कर्मचाऱ्यांनी घडवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

१५/ पाचेक वर्षांनी असेच कुतूहल फिनलंडच्या बर्फात जागे झाले. १९७६-७७च्या हिवाळ्यात ऑडीचे अभियंते चाचण्या घेत होते. सोबत लष्करासाठी बनवलेली, जेमतेम ७५ अश्वशक्तीची फोक्सवागन इल्टिस होती. तिच्याहून शक्तिशाली फ्रंट व्हील ड्राइव्ह मोटारींना ती बर्फावर सहज मागे टाकत होती. यॉर्ग बेन्सिंगर यांनी प्रश्न मांडला : हेच तंत्र वेगवान मोटारीत का नसावे?

१६/ अडचण वजनाची आणि जागेची होती. फ्रान्झ टेंगलर यांनी गिअरबॉक्समध्ये पोकळ दांडा योजला : ताकद त्या नळीतून मागे डिफरन्शियलकडे जाते आणि नळीच्या आतल्या दांड्यातून पुढच्या चाकांकडे परत येते. वेगळी जड पेटी नको. १९८०च्या मार्चमध्ये जिनिव्हात ऑडी क्वाट्रो सादर झाली. पुढच्याच वर्षी हान्नू मिक्कोला यांनी तिच्यातून बर्फाळ स्वीडिश रॅली जिंकली आणि मिशेल मूतों यांनी सानरेमो : जागतिक अजिंक्यपद मालिकेतील रॅली जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला.

१७/ इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघायला आणि चढायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतातच. बर्फावर थांबणे ठरते ते टायरच्या पकडीवर. म्हणून चारही हिवाळी टायर बसवलेली साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह मोटार उतारावर अनेकदा उन्हाळी टायरांवरच्या भारदस्त फोर व्हील ड्राइव्हपेक्षा अधिक भरवशाची असते.

१८/ मोटार बदलत होती तसा रस्ताही बदलत होता. पूर्वी बर्फावर वाळू आणि राख टाकत. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८च्या सुमारास रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग केला आणि महायुद्धानंतर ही पद्धत वेगाने फैलावली. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, बर्फ वितळतो. पण तेच खारे पाणी पत्र्याच्या सांध्यांत शिरून गंजाची गती वाढवते. रस्ता सुरक्षित झाला, त्याची किंमत पत्र्याने मोजली.

१९/ गंजलेला दरवाजा बदलला की रंगाचे कोडे उभे राहते. त्याचाही इतिहास आहे. ‘कोणताही रंग घ्या, काळा असला म्हणजे झाले’ या आशयाचे हेन्री फोर्ड यांचे वाक्य सर्वांना ठाऊक असते. १९२२च्या आत्मचरित्रात ते म्हणतात की हे त्यांनी १९०९ साली सांगितले. प्रत्यक्षात त्या आरंभीच्या काळात मॉडेल टी लाल, हिरव्या, राखाडी रंगांत मिळत होती. केवळ काळ्याचे पर्व साधारण १९१४ ते १९२५. प्रसिद्ध वाक्यही पुराव्याशी ताडूनच घ्यावे, ते यासाठी.

२०/ काळ्याचे राज्य संपवले रसायनशास्त्राने. जुने तेलरंग आणि वार्निश थरावर थर देऊन वाळायला आठवडे लागत. ड्युपाँ कंपनीच्या ‘ड्युको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने हे काम काही तासांवर आणले. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारी या निळ्या रंगात झळकल्या. आपल्याकडे सुतार आजही फर्निचरच्या चकचकीत रंगकामाला ‘ड्युको’ म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात मोटारीचा हा इतिहास दडला आहे.

२१/ रंग स्वस्त झाले, तशी निवड वाढली. पहिल्या महायुद्धात लष्करी छद्मावरणाचे काम केलेले चित्रकार लेडयार्ड टाउल यांनी १९२५ साली ड्युपाँसाठी रंगसल्ला विभाग उभारला. युद्धात वस्तू नजरेआड करण्याची विद्या शांतताकाळात वस्तू नजरेत भरवण्यासाठी वापरली गेली! पण जितक्या छटा अधिक, तितके दुरुस्तीचे काम अवघड.

२२/ अवघड का? एक, ऊन, पाऊस आणि काळ यांनी जुना रंग बदललेला असतो. डब्यावरचा क्रमांक कारखान्यातला मूळ रंग सांगतो, आजचा नव्हे. दुसरे, दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे असतील तर ते दुकानाच्या दिव्याखाली एकसारखे दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात. याला ‘मेटॅमेरिझम’ म्हणतात. म्हणून जाणता रंगारी नमुना गॅरेजबाहेर, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहतो.

२३/ या अनुभवाला गणिताची जोड मिळाली १९३१ साली. पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी रंगाच्या थरात प्रकाश किती शोषला जातो आणि किती विखुरतो, याची समीकरणे मांडली. त्याच वर्षी रंगमापनाची आंतरराष्ट्रीय मानके ठरली. १९५८ साली ‘कॉमिक’ नावाचा ॲनालॉग संगणक रंगद्रव्यांचे प्रमाण काढू लागला. आज रंगाच्या दुकानात दिसणारे छटा मोजणारे यंत्र याच परंपरेतले.

२४/ तरीही मेटॅलिक रंग यंत्राला चकवतात. त्यातील ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या आरशासारख्या असतात. त्या कशा बसल्या यावर छटा ठरते, आणि ते बसणे फवाऱ्याचा दाब, अंतर व थर किती ओला यांवर अवलंबून. डबा तोच, हात वेगळा, की छटा वेगळी. म्हणून कसबी कारागीर लांबी भरून, घासून झाल्यावर रंग फक्त दुरुस्त भागापुरता थांबवत नाही. तो शेजारच्या पत्र्यावर विरळ करत नेतो. डोळ्याला सीमारेषा दिसली नाही की फरकही दिसत नाही.

२५/ दरम्यान कारखान्यांनी रोगाच्या मुळाशी हात घातला. १९६०च्या दशकात फोर्डमध्ये जॉर्ज ब्रुअर यांच्या पुढाकाराने विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने प्रायमर चढवण्याचे तंत्र आले. रंगाच्या हौदात बुडवलेल्या सांगाड्याच्या कानाकोपऱ्यांतही प्रायमर पोचू लागला. १९८०च्या दशकाच्या मध्यास ऑडीने आपल्या मोठ्या मोटारींचा संपूर्ण सांगाडा जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्याचा केला. बर्फावर चालणारी मोटार आता बर्फावरच्या मिठालाही तोंड देऊ लागली.

२६/ या सगळ्यातून काय उरते? शोधाचे श्रेय आपण सहसा एका नावाला आणि एका वर्षाला देतो. इथे मात्र प्रत्येक वळणावर कोणाची तरी रोजची निकड उभी आहे : तारा तपासणारा कर्मचारी, गिलगिटच्या वाटेवरचा हमाल, उन्हात नमुना धरून डोळे बारीक करणारा रंगारी. समीकरणे, पेटंटे आणि संग्रहालये यांत त्यांची नावे नाहीत. पण पुढच्या वेळी रस्त्यावर एखाद्या मोटारीचा एक दरवाजा किंचित वेगळ्या छटेचा दिसला, तर थांबून पाहा. तोही एक ऐतिहासिक दस्तऐवजच आहे.

धागा समाप्त. आपल्या गावातील रंगकामाचे किंवा जुन्या जीपगाड्यांचे काही शब्द, काही आठवणी असतील तर खाली अवश्य लिहा. असे तपशील लिहून ठेवले नाहीत, तर ते हरवतात.