एकोणीस एकांची संख्या

मोर्चात माणसे रांगेने उभी करणे हे आम्हा कामगार-कार्यकर्त्यांचे नित्याचे काम. बारा माणसांच्या तीन-तीनच्या चार रांगा होतात. तेरा आली की एकच लांब ओळ करावी लागते. अशा संख्येला गणितात मूळ संख्या म्हणतात. १ व ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा भाजक नसतो.

अशाच एका मोठ्या संख्येचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. एकापुढे एक असे एकोणीस एक लिहा. एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत गेलो तरी आणखी एक घर उरते. ही संख्या मूळ आहे.

११ सोडल्यास तिच्या धाकट्या भावंडांचे तसे नाही. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. इंग्लंडचे कोडेकार हेन्री ड्यूडनी हे वयाच्या तेराव्या वर्षी कारकुनीस लागलेले गृहस्थ. १९०७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी कोडे घातले : मांजरांनी ११,११,१११ उंदीर मारले, प्रत्येकाने सारखेच, आणि मांजरांच्या संख्येहून अधिक, तर मांजरे किती? उत्तर २३९, प्रत्येकाचे उंदीर ४,६४९. सतरा एक लिहिले तरी भाग जातो. एकोणीस एकांना मात्र जात नाही, हे न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॉप यांनी १९१८ च्या सुमारास सिद्ध केले.

हे काम सोपे नव्हे. सरळ भागत बसायचे तर शंभर कोटींच्याही पलीकडे जावे लागते. पण शास्त्र मेहनत वाचवते. पाच एकांचे भाजक ४१ व २७१. दोघांनाही पाचाच्या दुपटीने, म्हणजे दहाने, भागल्यास बाकी १ उरते. सात एकांचे २३९ व ४,६४९ यांना चौदाने भागा. बाकी पुन्हा १. हाच नियम एकोणीस एकांना लावला, तर ३८ ने भागून १ बाकी ठेवणाऱ्या संख्याच तपासाव्या लागतात. बाकीच्या आपोआप गळतात.

या एकांचा नाद आपल्या महाराष्ट्रातील एका शिक्षकालाही होता. द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूस जन्मले. १९२३ साली जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनवर त्यांना एक कल्पना सुचली. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२,३२१, १,१११ चा वर्ग १२,३४,३२१. अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी स्टेशनचेच नाव दिले. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिकवीत राहिले. बी.एस्सी.पुढची पदवी नाही, म्हणून पुष्कळ विद्वानांनी त्यांचे काम मनावर घेतले नाही. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून या माणसाने उतारवयात शिकवण्या केल्या! १९८६ साली ते वारले.

याचा भाकरीशी संबंध काय, असे आमचे सोबती विचारतात. मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर आज गुप्तलेखनाची कुलुपे चालतात, हे एक उत्तर झाले. आम्हाला दुसरे अधिक मोलाचे वाटते. पगारपत्रकावरील आकडा असो की परार्धापुढची संख्या असो, साहेबाने सांगितले म्हणून ती खरी ठरत नाही. ज्याला हिशोब येतो त्याला ती पडताळता येते. हिशोबाला पदवी विचारण्याची सवय नाही. कापरेकरांच्या वाट्याला आलेली उपेक्षा माणसांनी केली, संख्यांनी नव्हे.

आमच्या शब्दावरही आपण जाऊ नये. घरी गेल्यावर मुलांना जवळ घेऊन २३९ ला ४,६४९ ने गुणून पाहावे.