छोट्या संगणक-खेळ प्रकाशकाचा इतिहास : मुंबईतील 'इंडियागेम्स'चा एक अभ्यास

प्रस्तावना

मराठी मुलुखातील प्रकाशनव्यवसायाचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी सहसा ग्रंथ आणि नियतकालिके यांच्यापुढे जात नाही. संगणकावरील खेळ हीदेखील प्रकाशित होणारी, विकली जाणारी आणि घराघरात पोहोचणारी निर्मिती आहे. मुंबई येथे १९९९ साली स्थापन झालेल्या 'इंडियागेम्स' या संस्थेच्या वाटचालीच्या आधारे, प्रकाशनाच्या वितरणमार्गावर त्याचे ऐतिहासिक जतन कसे अवलंबून असते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गृहसंगणक आणि कॅसेटचे युग

छोटा खेळ-प्रकाशक ही संकल्पना प्रामुख्याने ब्रिटनमध्ये रुजली. एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा गृहसंगणक १२५ पौंडांपासून उपलब्ध झाला. त्यावरील खेळ साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटवर मिळत. घरच्या टेपरेकॉर्डरवरून ते संगणकात उतरवता येत. यामुळे मोजक्या तरुणांना एकत्र येऊन, मासिकांत जाहिरात देऊन टपालाने खेळ विकणे शक्य झाले. १९८३ साली 'मास्टरट्रॉनिक'ने खेळाची किंमत १ पौंड ९९ पेन्सपर्यंत खाली आणली. याउलट १९८२ साली लिव्हरपूल येथे सुरू झालेली 'इमॅजिन सॉफ्टवेअर' ही संस्था भपका आणि अवाजवी खर्च यांमुळे १९८४ साली बुडाली.

भारतात या लाटेचे केवळ शिंतोडे उडाले. १९८४-८५ मधील 'क्लास' या शासकीय प्रकल्पामुळे काही शाळांत 'बीबीसी मायक्रो' संगणक आले. 'डेसिबेल्स' या कंपनीने स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती बाजारात आणली. तथापि, मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने संगणक ही दीर्घकाळ न परवडणारी वस्तू राहिली. पुढे १९९०च्या दशकात घरोघरी संगणक येऊ लागले, तेव्हा त्यांवरील खेळ बहुधा अनधिकृत प्रतींच्या रूपाने फिरत. अशा बाजारात स्थानिक प्रकाशकाला घरगुती ग्राहकाकडून मोबदला मिळण्याची शक्यता अल्प होती.

'इंडियागेम्स'ची वाटचाल

या पार्श्वभूमीवर विशाल गोंडल यांनी 'इंडियागेम्स'ची स्थापना केली. कारगिल युद्धाच्या काळातील 'आय लव्ह इंडिया' हा खेळ महाजालावरून पसरला आणि त्यामुळे संस्थेकडे लक्ष वेधले गेले. आरंभी कंपन्यांच्या जाहिरातींसाठी खेळ तयार करणे हा उत्पन्नाचा मार्ग होता. म्हणजे खेळणाऱ्याऐवजी जाहिरातदार पैसे देत असे.

मोबाइल फोनच्या प्रसारामुळे चित्र पालटले. खेळाचे शुल्क फोनच्या बिलातून किंवा आगाऊ भरलेल्या रकमेतून वसूल होऊ लागले. अनधिकृत प्रतींचा प्रश्न त्यामुळे बराच आटोक्यात आला, परंतु खेळणाऱ्यापर्यंतची वाट दूरसंचार कंपन्यांच्या हाती गेली. संस्थेने 'स्पायडर-मॅन'सारख्या परवानाप्राप्त पात्रांवर आणि क्रिकेटवर आधारित खेळ काढले.

येथे एक तांत्रिक साम्य लक्षणीय आहे. नोकियाच्या 'सिरीज ४०' पद्धतीच्या सुरुवातीच्या फोनवर खेळाची फाइल ६४ किलोबाइटपेक्षा मोठी चालत नसे. स्पेक्ट्रमच्या मोठ्या आवृत्तीची स्मृती ४८ किलोबाइट होती. म्हणजे वीस वर्षांनंतर मुंबईतील खेळकर्ते जवळपास त्याच चौकटीत काम करीत होते. त्यात भर म्हणजे निरनिराळ्या फोनच्या पडद्यांसाठी एकाच खेळाच्या अनेक आवृत्त्या कराव्या लागत. असा खर्च सतत पेलण्यासाठी भांडवलाची निकड होती.

२००५ साली चीनमधील 'टॉम ऑनलाइन'कडे संस्थेचे बहुसंख्य भागभांडवल गेले. २००७ साली ते 'यूटीव्ही'कडे आले. २०११ साली 'रा.वन'वर आधारित खेळ प्रकाशित झाला आणि त्याच सुमारास संस्था 'डिस्ने'च्या छत्राखाली गेली. गोंडल २०१३ साली बाहेर पडले. २०१६ साली 'डिस्ने'ने भारतातील खेळनिर्मिती थांबविली.

जतनाचा प्रश्न

बुडालेल्या 'इमॅजिन'चे खेळ आज अभ्यासता येतात, कारण कॅसेट ग्राहकाच्या घरात राहिली आणि हौशी संग्राहकांनी तिच्यावरील मजकूर जपला. दूरसंचार कंपनीच्या भांडारातून थेट फोनमध्ये उतरलेला खेळ मात्र फोनबरोबर अडगळीत गेला. जी व्यवस्था अनधिकृत प्रती रोखते, तीच जतनाची प्रतही रोखते.

कायद्याची स्थितीही विसंगत आहे. प्रताधिकार कायद्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार संगणक-आज्ञावली ही 'साहित्यकृती' मानली जाते. परंतु १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने, आणि त्यातील १९५६च्या दुरुस्तीने, राष्ट्रीय ग्रंथालयादी संस्थांकडे प्रत पाठविण्याचे बंधन घातले ते केवळ पुस्तके व वृत्तपत्रे यांच्या प्रकाशकांवर. साहित्यकृती म्हणून संरक्षण आहे, पण साहित्यकृती म्हणून जतन नाही.

चिपळूणच्या वाचकांना या प्रश्नाचे गांभीर्य सांगावयास नको. येथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची परंपरा १८६४पासूनची आहे, आणि या शहराने २००५ व २०२१ असे दोन महापूर सोसले आहेत. पुरात गेलेल्या ग्रंथाची उणीव अन्यत्र जपलेल्या प्रतीवरून काही अंशी भरून काढता येते. ज्याची दुसरी प्रत कोठेच ठेवली गेली नाही, त्याचा नाश होण्यासाठी पुराचीही आवश्यकता नसते.

निष्कर्ष

'इंडियागेम्स'चा इतिहास हा केवळ एका उद्योजकाच्या यशाचा वा मालकीबदलाचा वृत्तांत नव्हे. मोबदल्याची हमी देणाऱ्या वितरणमार्गानेच तिच्या निर्मितीचे आयुष्य मर्यादित केले, असे त्यातून दिसते. ग्रंथप्रदान कायद्याची व्याप्ती संगणकीय प्रकाशनांपर्यंत वाढविणे आवश्यक आहे. तोपर्यंत महाविद्यालयीन ग्रंथालयांनी जुने फोन, चकत्या, पुस्तिका व जाहिराती यांचा संग्रह करावा, तसेच इतिहास आणि संगणकशास्त्र विभागांनी या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या मुलाखती नोंदवाव्यात. एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रणाचा इतिहास आपण लिहू शकलो तो कोणीतरी प्रती जपल्यामुळेच, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.